गळकी तोटी

"पुन्हा?" फत्तेसिंहराव न्हाणीघराच्या दारातून गरजले.

विश्वास तोटीशी झटत होता. तोटी कितीही पिळली तरी धार थांबत नव्हती. शेवटी चिडून त्याने मुख्य चावीच बंद केली.

"बी.एस्सी. झालास ना? एक तोटी आवरत नाही तुला?"

"आबा, नळवाल्याला बोलावू द्या ना एकदा."

"घरात एवढा शास्त्रज्ञ असताना? लोक हसतील मला."

पागेतला निवृत्त जमादार एकदा नाही म्हणाला की विषय संपला. फत्तेसिंहराव झोपाळ्यावर जाऊन अडकित्त्याने सुपारी कातरू लागले.

तोटी नवी होती. अडचण तिच्या पोटातल्या चामड्याच्या वायसरची. चामड्याला शिवलेले पाणी देवाला चालायचे नाही, असे विश्वासच्या आईने, मथुराबाईंनी, पहिल्याच दिवशी सांगितले आणि घागर उचलली. आजव्याच्या तलावाचे पाणी नळाने घरात आलेले असताना आईने दुखऱ्या गुडघ्याने विहिरीच्या शेवाळलेल्या पायऱ्या चढाव्यात, हे विश्वासला बघवेना. एकदा पाय घसरला की संपले. चामडे काढून दुसरे काहीतरी बसवायचे त्याने ठरवले.

बुचाची चकती फुगून फुटली. सुताची गुंडाळी कुजली. सायकलच्या ट्यूबचे रबर मात्र झकास बसले; आईने त्या पाण्याने देवही धुतले. दुसऱ्या सकाळी धार पुन्हा सुरू. उघडून पाहिले तर रबराच्या कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा गायब. नवे बसवले, त्याचीही तीच गत. विश्वासने आधी पाण्याच्या दाबाला दोष दिला, मग रबरातल्या गंधकाला, मग मांडवी बाजारातल्या दुकानदाराला.

"भाई, रबर तो सारुं छे," दुकानदार म्हणाला. "तमे ज बहु कसो छो."

विश्वासने पुढचे रबर हलक्या हाताने कसले. तेही तुटले.

आज मथुराबाई पदराखाली डबा घेऊन निघाल्या.

"आई, मी आणतो पाणी."

"बायकांची विहीर आहे रे ती."

"डबा कशाला?"

"वाटेत गाईला पोळी."

"कुसुमताई असती तर तिने तरी..." विश्वासच्या तोंडून निसटले.

अडकित्ता थांबला. "ते नाव या घरात घ्यायचं नाही."

थोरल्या लेकीने, कुसुमावतीने, जातीबाहेर लग्न केले त्या दिवसापासून हाच हुकूम होता. मथुराबाई खाली मान घालून चप्पल घालू लागल्या.

"आणि तुम्ही सावकाश या," फत्तेसिंहराव गुरगुरले. "घाई केलीत तर हातपाय मोडून घ्याल."

आई गेल्यावर विश्वासने शेवटचा उपाय बाहेर काढला. मोटारीच्या जुन्या टायरचा जाड तुकडा. तो गोल कापताना बोटाला फोड आला, पण तोटी आवळून चावी सोडली तेव्हा एक थेंबही गळला नाही. पाना तिथेच टाकून तो आईला परत आणायला धावला.

विहिरीच्या कट्ट्यावर मथुराबाई पाय लांब करून बसल्या होत्या. मांडीवर एक तान्हे पोर होते. डबा उघडा होता. पाणी शेंदत होती कुसुमावती.

विश्वास झाडाआड थबकला. आई रोज पाणी घेऊन येते तेव्हा तिच्या हातावर दोराचा वळ कधीच नसतो, हे त्याला आत्ता आठवले. चामडे, देव, रोज तुटणारी रबरे, सगळे उलगडले. काय ही आई! आणि आता तिला ते टायरचे रबर तोडता येणार नव्हते.

हाक न मारताच तो मागे फिरला. आबांच्या लक्षात यायच्या आत तोटी पुन्हा गळायला हवी होती.

घरी झोपाळा रिकामा होता. न्हाणीघरात तोटी सुटी होऊन पडली होती. तिच्याशेजारी फत्तेसिंहराव उकिडवे बसले होते, घामाघूम. टायरचे रबर अडकित्त्याच्या पात्यात अडकले होते.

"एवढं जाड कशाला आणलंस रे?" वर न बघताच ते करवादले. "कातरता कातरत नाही."