शेवटचं बटन

"बास रे, बास झालं," परसराम म्हणाला, आणि हिमांशुने बासचं बटन अजून वाढवलं.

"तो बास नाही पोरा! पुरे कर म्हणून राहिलो मी."

हिमांशु हसला. केशोरी गावच्या मांडवात भजन स्पर्धा सुरू व्हायला थोडाच वेळ होता. पोरगा गोंदियाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. बापाच्या व्हायोलिनला चिमट्याचा छोटा माइक लावून त्याची वायर त्याने एका काळ्या डब्यात खोचली होती. डब्यावर चार बटनं होती, आणि डब्यातून निघालेली वायर थेट भोंग्यांपर्यंत गेली होती.

"इतकी वर्षं तुमचं वाजवणं कोणाले ऐकूच आलं नाही बाबा," तो म्हणाला. "आज साऱ्या केशोरीले दाखवतो."

परसरामला नेमकं तेच नको होतं.

कारण त्याला व्हायोलिन येतच नव्हतं. तरुणपणी हौसेने आणलं, थोडे दिवस घासलं, आणि तसाच मंडळात जाऊन बसला. एकीकडे बकारामची पेटी, दुसरीकडे ढोलकी, मागे टाळांचा धुमाकूळ. त्या गदारोळात त्याने डोळे मिटून गज ओढला की दिसायचं मात्र झकास. दिसण्यावरच नाव झालं. गावोगाव सत्कार झाले, शाली आल्या. शाल देणाऱ्यांनी तरी कुठे कान दिला होता?

पण हिमांशु त्या शाली बघत मोठा झाला. बाबांचं पाहूनच मी गिटार धरली, असं तो चारचौघांत छाती फुगवून सांगायचा. गाव हसलं असतं तर परसरामने ते पचवलं असतं. या एका पोरापुढे उघडं पडायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

दुपारी घरी छोट्या स्पीकरवर वाजवून पाहिलं, तेव्हा अंगणातलं कुत्रं उठून शेजारी गेलं. "स्पीकर फाटला हाये," हिमांशु म्हणाला. परसरामला देव पावल्यासारखं वाटलं होतं. इथले भोंगे मात्र नवेकोरे होते.

"काऊन एवढा खटाटोप करतो? काढून टाक ना," त्याने शेवटचं विनवून पाहिलं.

"असं कसं काढू? हा बास, हा ट्रेबल, हे भोंग्यानं शिट्टी मारू नये म्हणून."

"अन् हे शेवटचं?"

"ते आवाजाचं. डावीकडे कमी, उजवीकडे जास्त. पण त्याले हात नोका लावू बाबा. ते मी बराबर ठेवलो हाये."

मंडळाचं नाव पुकारलं गेलं. हिमांशु उतरून साउंडवाल्यापाशी जाऊन उभा राहिला. बकारामने पेटीवर सूर धरला, टाळ सरसावले. परसराम धोतर सावरल्यासारखं करून खाली वाकला. पोराने एवढ्या मायेने केलेलं आपण बिघडवतो आहोत, याचं त्याला फार वाईट वाटलं. त्याने मनातल्या मनात पोराची माफी मागितली, शेवटचं बटन चिमटीत धरलं आणि जोर लावून डावीकडे पिळलं.

बटन हललं नाही. ते आधीच शून्यावर होतं.