शिजलेली टर्की

दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला पहाटे उठून टर्की भाजणारे बाबा यंदा फोनवरही थकलेले वाटले, म्हणून लोर्ना दुकानातून शिजलेलीच टर्की घेऊन माहेरी आली. आता ती नुसती गरम करायची होती. तिने ओव्हन पेटवला, ट्रेमध्ये वाटीभर पाणी ओतलं, टर्की फॉइलने झाकली, तोच जळका वास सुटला. ओव्हनचं दार उघडलं, तर आत बुटांचा खोका धुमसत होता! तिने तो ओढून सिंकमध्ये विझवला. आत इस्पितळाची पत्रं होती, सगळी फोडून वाचलेली. कडा करपलेल्या एका पत्रावर जूनची तारीख होती: 'गाठ कर्करोगाचीच आहे. उपचारांना उशीर करू नका.' लोर्नाने ते पत्र वर धरलं. "बाबा, हे काय?" दारात उभे असलेले बाबा ओशाळवाणं हसले. "तू शिजलेली आणते म्हणालीस ना, पोरी? मला वाटलं, यंदा ओव्हन कोण कशाला पेटवतंय!"