जी आदी उठंल ती

“आदी म्हण, मग नळी घाल,” बयाबाई म्हणाली. एवढं बोलायलाही तिला तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारावा लागला. हर्षाली सिस्टरने तो लगेच पुन्हा बसवला आणि डोळे वटारले. बयाबाईने तिच्याकडे लक्षच दिलं नाही. ती भूलतज्ज्ञ डॉक्टर तेजस्विनीकडे बघत होती.

काय म्हणायचं ते तेजस्विनीला चांगलं ठाऊक होतं. करोना येण्याआधी बॅग घेऊन ती आसपासच्या दोन तालुक्यांतल्या दवाखान्यांत फिरायची. सकाळी आळेफाट्याला सिझर, दुपारी मंचरला हर्निया. भूल देताना प्रत्येकाला तिचं एकच वाक्य असायचं, “झोपा निवांत, मी उठवते.” आणि खरंच उठवायची. ऑपरेशन आटोपलं की गालावर हलकेच थापटून नावाने हाक मारायची. महाळुंगे पडवळच्या या बयाबाईलाही पिशवीच्या ऑपरेशनला तिने असंच झोपवलं होतं आणि असंच उठवलं होतं. आता पीपीई किटमध्ये कोण माणूस आहे तेही कळत नव्हतं. पण म्हातारीने आवाजावरून बरोबर धरलं.

कोविड वॉर्डात आल्यावरही तेजस्विनीने ते वाक्य सोडलं नव्हतं. मग उठणारे कमी कमी होत गेले. शेवटचं ती ते पिंपळवंडीच्या एका मास्तरांना म्हणाली. मास्तरांनी मोठ्या विश्वासाने अंगठा वर केला होता. त्यानंतर मात्र ते वाक्य तिच्या तोंडून निघेना. “डोळे मिटा,” एवढंच म्हणून ती औषध सोडायची. घरी गेली की छताकडे बघत पडून राहायची. दोन तालुक्यांना झोपवणाऱ्या बाईची स्वतःची झोप उडाली होती, आणि यात हसण्यासारखं काही नव्हतं.

“मावशी, वेळ घालवू नका,” ती म्हणाली. “ऑक्सिजन उतरतोय. नळी घातली की श्वासाचं काम मशीन करील.”

“ते भरतनी सांगितलंय मला फोनवर.” म्हातारी मास्क सरकवून म्हणाली. भरत तिचा मुलगा. तो सकाळपासून फाटकाबाहेर डबा घेऊन उभा होता. “मशिनीचं ऱ्हाऊ दे. तू उठवशील का, ते सांग.”

तेजस्विनीने तोंड उघडलं. खोटं बोलणं सोपं होतं. औषध लगेच चढलं असतं, आणि नंतर जाब विचारायला कोण येणार होतं? हा विचार आपल्या मनात आलाच कसा, याची तिला लाज वाटली. चष्म्याच्या काचा आतून धुरकट झाल्या. त्या किटमध्ये डोळे पुसायचीही सोय नव्हती.

बयाबाई काचांतून तिचे डोळे निरखत राहिली. मग तिने पुन्हा मास्क सरकवला.

“किती दिस झोपली न्हाईस गं?”

तेजस्विनीने औषधाची सिरिंज हातात घेतली.

“मग आसं करू. आपुन दोघीबी झोपू. जी आदी उठंल, तिनं दुसरीला उठवायचं.” तिला धाप लागली, तरी ती थांबली नाही. “मीच उठंन बघ. घरात समद्यांच्या आदी मीच उठती. धारा काढती, मग एकेकाला हलवती. तुलाबी उठवीन.”

हर्षालीने तोंड फिरवलं. तेजस्विनीने नुसती मान हलवली. तेवढ्यावर म्हातारीचं समाधान झालं. तिने आपणहून डोळे मिटले. नळी पहिल्याच प्रयत्नात बसली.

किट उतरवून तेजस्विनी शेजारच्या खोलीतल्या बाकावर टेकली. जरा पाय पसरावेत, एवढाच तिचा विचार होता. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला झोप लागली. डोक्याखाली हात, तोंड किंचित उघडं, चपला पायातच. येणारे-जाणारे दार हळू लावू लागले. कुणीतरी पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवलं.

ऊन कललं तेव्हा बयाबाईचं हृदय थांबलं. फिजिशियन डॉक्टर कल्पेश आणि हर्षाली आळीपाळीने तिची छाती दाबत राहिले. हात भरून आले, तरी दाबत राहिले. काही उपयोग झाला नाही. हर्षाली तेजस्विनीला बोलवायला निघाली, तेव्हा कल्पेशने तिला अडवलं.

“झोपू दे तिला. ती येऊन तरी आता काय करणार आहे?”

भरतला सांगायला तो स्वतःच फाटकाकडे गेला.

पण खाट रिकामी राहावी असे ते दिवस नव्हते. थोड्याच वेळात तिच्यावर आळ्याचा एक ट्रॅक्टर मेकॅनिक आला. तरणाताठा माणूस, ओठ निळे पडलेले. त्यालाही नळी लागणार होती, आणि ती घालणारं दुसरं कुणी नव्हतं.

हर्षाली त्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. काय सांगायचं आणि कसं सांगायचं, ते तिने चालता चालता जुळवलं होतं. बाकावर गाढ झोपलेल्या तेजस्विनीला बघून ती ते सगळं विसरली. तिला रडू येत होतं. पण उठवणं भाग होतं. तिने पुढे होऊन तेजस्विनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलकेच हलवलं.

डोळे न उघडताच तेजस्विनी हसली.

“मावशी, उठलात?”