आठशे बेचाळीस

दशरथ भोईरला कामावरून काढायचं पत्र आधीच टाइप झालं होतं. चौकशी फक्त उरकायची होती.

साजगावच्या त्या कारखान्यात एसी फक्त ऑफिसला. टेबलाच्या एका बाजूला मॅनेजर विपुल साहेब आणि कंपनीनेच नेमलेला वकील. समोर दशरथ, बावीस वर्षं भट्टीवर. आरोप असा, की परवा दुपारी त्याने कोणाला न विचारता गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह हाताने बंद केला आणि भट्टीतला दोन टन माल मुद्दाम घालवला.

दशरथ एकच सांगत होता. भट्टी बेफाम तापली होती. आतला लाल रंग पिवळा पडला होता. दाराजवळ उभं राहवत नव्हतं, आणि पलीकडे चार माणसं काम करत होती.

विपुल साहेबांनी कागद पुढे सरकवला. कॉम्प्युटरची नोंद, दर मिनिटाचं तापमान. दोन दहापासून चार चाळीसपर्यंत आठशे बेचाळीस.

"एक अंशसुद्धा हललेली नाही भट्टी. म्हणे रंग."

या नोंदीवर साहेबांचा भारी जीव. दोन वर्षांपूर्वी त्यांनी भट्टीला गेटवे बसवून घेतला. हाताएवढं खोकं. भट्टीचं जुनं मीटर एक भाषा बोलतं, ऑफिसातला कॉम्प्युटर दुसरी. खोकं मधे बसून दर सेकंदाला मीटरला आकडा विचारतं आणि कॉम्प्युटरला त्याच्या भाषेत सांगतं. तो आकडा बघून कॉम्प्युटर गॅस कमी-जास्त करतो. खोकं आलं त्याच दिवशी मीटरच्या कपाटाला कुलूप लागलं. किल्ली ऑफिसात. भट्टीपुढे भाजून निघणाऱ्याने आकडा बघायचं कारणच काय?

खोकं आलं ते दशरथच्या पायी. कॅन्टीनमध्ये त्याला अजून खोक्याचा बाप म्हणत.

खोकं बसवणारी कंपनीची इंजिनीअर हर्षला, जवळच्या चौक गावची पोरगी, कोपऱ्यात साक्षीला बसली होती. साहेबांनी तिला बजावलं होतं, विचारलं तेवढंच बोलायचं.

दशरथने कागद उचलला. बोट वरून खाली नेलं. परत वर आणलं. मग हसला.

"साहेब, हे तर माजंच अक्षर हाय."

वकिलाला कळेना. दशरथने लाज न ठेवता सांगितलं. पूर्वी दर अर्ध्या तासाला मीटर बघून वहीत आकडा लिहायचा असे. तो चहाच्या टपरीवर बसून अख्ख्या पाळीचे आकडे एकदम लिहून टाकायचा. वरपासून खालपर्यंत आठशे पंचेचाळीस. पकडला गेला, सात दिवस घरी बसला, म्हणून तर हे खोकं आलं.

"खरी भट्टी अशी एका जागी ऱ्हात नाय. कधी चाळीस, कधी पन्नास. मीटर न बघता लिवलं, तरच एक आकडा येतो. माजा पंचेचाळीस, ह्याचा बेचाळीस. एवढाच फरक."

वकिलाने मान वळवून हर्षलाला विचारलं, असं होऊ शकतं का.

होऊ शकतं, ती म्हणाली. झालंच होतं. भट्टीजवळची वायर जळलेली काल तिनेच पाहिली. मीटरचं उत्तर येणं बंद झालं, की खोकं शेवटचा आकडा पुन्हापुन्हा पाठवत राहतं. कॉम्प्युटरला हवे होते आठशे पन्नास, दिसत होते बेचाळीस. तो अडीच तास गॅस वाढवत राहिला. आधी तसं नव्हतं. उत्तर आलं नाही तर भोंगा वाजायचा, भट्टी बंद पडायची, उत्पादन थांबायचं. नंतर सेटिंग बदललं.

विपुल साहेब तिच्याकडे रोखून बघत होते.

दशरथने कागद टेबलावर ठेवला.

"मी माज्या मनानं करायचो, हर्षला. ह्याला असं लिवायला कोनी शिकवलं गं?"

विचारलं तेवढंच हर्षला बोलली.

"विपुल साहेबांनी. मेल आहे माझ्याकडे."