हयातीचा दाखला

मानोऱ्यात परवेजचं ऑनलाइन सेंटर होतं. जवळच्या तांड्यावरच्या नानीबाई हयातीच्या दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आल्या होत्या. दाखला गेला नाही, तर पेन्शन थांबणार होती. आणि कॉम्प्युटर तिसऱ्यांदा तेच म्हणत होता, 'कनेक्शन होत नाही, नेटवर्क सेटिंग तपासा.'

परवेजनं वायर बदलली, राउटर बंद-चालू केला, सगळं सेटिंग पुसून नव्यानं भरलं.

"मी जित्ती हाये, हे त्याले काहून पटून नाही राह्यलं?" नानीबाईंनी विचारलं.

"तसं नाही मावशी, त्याले नेटच भेटून नाही राह्यलं."

नानीबाईंनी डोळे बारीक करून स्क्रीनचा कोपरा वाचला. "बापा, इथं तर एक जानेवारी दोन हजार दोन लिवलं हाये."

परवेजनं कपाळावर हात मारला. आतला सेल संपून कॉम्प्युटरची तारीख मागं गेली होती, म्हणून साइट त्याला आत घेत नव्हती.

"झालं मावशी! तारीख बदलवतो, मंग तुमचा फोटो काढू."

नानीबाईंनी त्याचा हात घट्ट धरला. "थांब बापा, आंदी फोटो काढून घे. दोन हजार दोनमंदी माहे सारे दात जाग्यावर होते."