बंद कूलर

उन्हाळाभर कूलरसमोर बनियनवर बसून बाबा मोबाइलवरच्या संगीतासोबत गाणी म्हणत. कूलरच्या हवेनं त्यांचा आवाज थरथरायचा. प्रणालीनं पडद्याआडून ते चोरून टिपलं आणि गंमत म्हणून रील टाकलं. बघता बघता ते बेसा भागातल्या त्यांच्या कॉलनीभर फिरलं. शेजाऱ्यांनी बाबांनाही दाखवलं. संध्याकाळी बाबा फोन घेऊन आले. "लोकायनं खाली काय लिहिलं वं? चष्मा सापडून नाही राहिला." कोणी गाढव म्हटलं होतं, कोणी भोंगा. "आवाज गोड आहे म्हणतात," प्रणाली म्हणाली. "अजून वाच." तिनं आणखी कौतुक रचलं. बाबा उठले, इस्त्रीचा शर्ट घातला, भर उकाड्यात कूलर बंद केला. "आता समोरून काढ. आवाज साफ येईन." प्रणालीनं फोन उचलला. गळ्यावरचा घाम पुसत बाबा म्हणाले, "यावेळी हासू नको वं पोरी. मागच्या गाण्यात तुह्या हासण्याचा आवाज येते."