हत्तिणीला आठवलेले अप्पा

फाटक्या कानाची म्हातारी हत्तीण जीपजवळ येऊन थांबली, तशी शर्वाणीने स्मृतिकॅमेरा उचलला. जनावराला जे आठवेल, तेच त्यात उमटायचं. केनियातल्या आंबोसेली अभयारण्यात येणारे पर्यटक हत्तींच्या आठवणीतली आटलेली तळी टिपून न्यायचे. शर्वाणी मात्र वडिलांसाठी आली होती. अप्पांनी तीस वर्षं या हत्तिणीचे फोटो काढले, पण त्यांचा स्वतःचा एकही फोटो घरात नव्हता. तेराव्याला हार त्यांच्या कॅमेऱ्यालाच घालावा लागला होता.

तिने अप्पांची जुनी टोपी जीपच्या बॉनेटवर ठेवली. हत्तिणीने सोंड लांबवून ती बराच वेळ हुंगली.

पडद्यावर एकेक चित्र उमटू लागलं. तोच खाकी शर्ट, तीच टोपी. कधी पावसात, कधी धुळीत. प्रत्येक चित्रात चेहऱ्यासमोर कॅमेरा. तो खाली येण्याची वाट बघत शर्वाणी शेवटच्या चित्रापर्यंत थांबली.

"म्हातारी काही विसरत नाही, म्हटलं नव्हतं मी?" अप्पांची जीप वर्षानुवर्षं चालवलेला लेमायान हसून म्हणाला. "सापडले ना अप्पा?"

"सापडले," शर्वाणी टोपी उचलत म्हणाली. "घरी असायचे तसेच आहेत."